मानधन गुप्त ठेवून कुणाचं भलं होतं?

सिनेमातल्या नायक-नायिकांच्या मानधनातल्या तफावतीचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. "प्रेक्षक हिरोच्या नावावर येतात, मग त्याला जास्त मिळणारच." मला हे उत्तर पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉटचा हॉलिवूडपट 'ऑल द मनी इन द वर्ल्ड' प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर होता. त्यातला नट केविन स्पेसी याच्यावर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि त्याची सगळी दृश्यं ख्रिस्तोफर प्लमरला घेऊन नव्याने चित्रित करायचं ठरलं. सिनेमाची नायिका मिशेल विल्यम्स लगेच तयार झाली. सुट्टीचे दिवस होते, तरी सिनेमा वाचावा म्हणून तिने पैशांचा विषयसुद्धा काढला नाही. तिला मिळाला तो रोजचा ८० डॉलर भत्ता, सगळा मिळून हजार डॉलरच्या आत. त्याच रीशूटसाठी तिचा सहकलाकार मार्क वॉलबर्गला मिळाले १५ लाख डॉलर. दोघांचं काम बघणारी एजन्सी एकच होती! जानेवारी २०१८ मध्ये ही बातमी फुटली, गदारोळ झाला, मग वॉलबर्गने ती सगळी रक्कम विल्यम्सच्या नावाने लैंगिक छळाविरुद्धच्या 'टाइम्स अप' मोहिमेच्या निधीला दिली आणि एजन्सीने वर ५ लाखांची भर घातली.

आता सांगा, इथे प्रेक्षक कुणाच्या नावावर येतात याचा संबंध कुठे आला? सिनेमा तोच, रीशूट तेच. विल्यम्सच्या नावावर तोवर ऑस्करची चार नामांकनं होती. फरक एवढाच की त्याच्या बाजूने कुणीतरी ठामपणे पैसे मागितले, आणि तिने समजूतदारपणा दाखवला. बाईच्या समजूतदारपणाची किंमत हजार डॉलरसुद्धा होऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

त्याच्या आधी २०१४ मध्ये सोनी या सिनेमा कंपनीचे ईमेल हॅक होऊन बाहेर आले, तेव्हा 'अमेरिकन हसल' या सिनेमाचे आकडे कळले. नफ्यातला वाटा पुरुष कलाकारांना ९ टक्के, एमी ॲडम्स आणि जेनिफर लॉरेन्सला ७ टक्के. लॉरेन्स तेव्हा जगातल्या सगळ्यात गाजणाऱ्या नट्यांपैकी एक होती, म्हणजे 'नाव नाही' हे कारण तिच्या बाबतीत सांगायची सोयच नव्हती. पुढच्या वर्षी तिने यावर लेख लिहिला. त्यात ती म्हणते की आपण 'आडमुठ्या' किंवा 'लाडावलेल्या' वाटू नये म्हणून तिने घासाघीस लवकर सोडून दिली. हे वाचून किती जणींना आपल्याच पगाराची बोलणी आठवली असतील! पुरुष अडून बसला तर त्याला स्वतःची किंमत कळते, बाई अडून बसली तर तिचे नखरे. हे वाक्य माझ्या कानांवर इतक्यांदा पडलंय की आता ते कुणी बोलायच्या आधीच ऐकू येतं.

या दोन्ही प्रकरणांमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आकडे बाहेर आले तेव्हाच काहीतरी हललं. एकदा हॅकरमुळे, एकदा पत्रकारांमुळे. इंडस्ट्रीने स्वतःहून कागद टेबलावर ठेवले, असं कुठेच झालं नाही. सोबतच्याला किती मिळतात हेच माहीत नसेल तर बाई मागणार तरी कशाच्या आधारावर? वर 'मागच्या सिनेमाला किती घेतले होते?' हा प्रश्न असतोच. मागचं मानधन कमी म्हणून पुढचं कमी, आणि एका ठिकाणी झालेला अन्याय करिअरभर सोबत येतो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून नोकरी देताना मागचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. मला तो कायदा फार शहाणपणाचा वाटतो.

'मार्केट व्हॅल्यू' आकाशातून पडत नाही. ती बजेट, प्रसिद्धी, प्रदर्शनाची तारीख आणि स्क्रीनची संख्या यातून उभी राहते आणि हे सगळं आधी हिरोच्या सिनेमाला मिळतं. नायिकाप्रधान सिनेमा अर्ध्या तयारीनिशी बाजारात सोडायचा आणि मग त्याच्या ओपनिंगची तुलना करायची, हा न्याय नाही. हिरोचे तीन सिनेमे आपटले तरी चौथा मिळतो. बाईचा एक आपटला की 'बायकांचे सिनेमे चालत नाहीत' असा निकाल सगळ्याच जणींवर लागतो. त्यात वय. हॉलिवूडच्या स्टार्सच्या कमाईवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार नट्यांची प्रति सिनेमा कमाई ३४ व्या वर्षापर्यंत वाढते आणि मग झपाट्याने घसरते. नटांची ५१ पर्यंत वाढते आणि त्यानंतरही फारशी घसरत नाही.

हे कायम असंच होतं असंही नाही. मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडच्या मेरी पिकफर्डने १९१६ मध्ये दहा लाख डॉलरच्या वरचा करार मिळवला होता. आपल्याकडे १९३९ मध्ये शांता आपटे पगार आणि कराराच्या वादातून प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. म्हणजे बायकांना मागता येत नाही हेही खोटं.

आणि स्टार्सबद्दल बोलताना युनिट विसरलं जातं. हिंदी सिनेमात मेकअप आर्टिस्ट म्हणून बायकांना युनियनचं कार्डच मिळत नव्हतं. बाईने हेअरड्रेसर व्हायचं, मेकअप पुरुष करणार. का, तर बायका आल्या तर पुरुषांची रोजीरोटी जाईल! मेकअप आर्टिस्ट चारू खुराना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ ला ही बंदी रद्द झाली. म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत जास्त पैशांच्या कामाचं दारच नियमाने बंद होतं. मल्याळम इंडस्ट्रीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या शेवटी केरळ सरकारला मिळाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. मानधनातली तफावत, लेखी कराराचा अभाव, सेटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नसणं, सगळं त्यात आहे. लेखी करारच नसेल तर समान मानधन कोर्टात सिद्ध कसं करणार?

प्रियांका चोप्राने २०२३ मध्ये सांगितलं की २२ वर्षांच्या कारकिर्दीत तिला पुरुष सहकलाकाराइतकं मानधन पहिल्यांदाच मिळालं. तिच्यासारखीला २२ वर्षं लागतात, तर दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या नटीने, कॉस्च्युम असिस्टंटने किती थांबायचं?

हॉलिवूडची काळी नटी ऑक्टाव्हिया स्पेन्सर हिचं उदाहरण मला म्हणूनच आशादायक वाटतं. जेसिका चॅस्टेन या गोऱ्या नटीने तिला सांगितलं, आपण दोघी एकत्रच बोलणी करू, तुला आणि मला सारखंच. स्पेन्सरला तिच्या मागणीच्या पाचपट मिळाले. आधी काळ्या नट्यांना गोऱ्या नट्यांपेक्षाही किती कमी मिळतं हे तिने चॅस्टेनला आकड्यांसकट सांगितलं होतं. दोघींनी एकमेकींना रक्कम सांगितली, तिथूनच सगळं सुरू झालं.

हेच पुरुष स्टार्स का करत नाहीत? करार करताना 'माझ्या सहकलाकाराला किती देताय?' एवढं विचारायला त्यांना कुणी अडवलेलं नाही, आणि त्यांना काम नाकारायची हिंमत कुठल्याच निर्मात्यात नाही. पत्रकारांनीही समान मानधनाचा प्रश्न दरवेळी नायिकेलाच विचारू नये. पुढच्या प्रमोशनला तो हिरोला विचारा.