मुद्राराक्षसाचा पत्ता बदलला

आषाढ लागला की मराठी लेखकाला दिवाळीचे वेध लागतात. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आमच्या जमातीमागे हे लचांड लागलं ते लागलंच. लेख लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही. लेख काय, होतो. तो संपादकांपर्यंत पोचवताना जीव जातो.

पूर्वी कसं, फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडायचा. म्हणजे ‘साभार परत’चा खर्चसुद्धा आपलाच! पण एकदा का लेख छापखान्यात गेला, की पुढची काळजी कंपोझिटरची, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवणाऱ्याची. आमच्या गावच्या छापखान्यातले कंपोझिटर माझं अक्षर घडाघडा वाचायचे. घरात ते अजून कुणाला जमलेलं नाही. खिळ्यावरची अक्षरं उलटी असतात, आयुष्यभर उलटं वाचलेल्या माणसाला माझं सुलटं काय जड! जाताजाता ते माझे ऱ्हस्व-दीर्घही सुधारायचे आणि त्याचा कुठे बभ्रा करायचे नाहीत. तरीही काही राहिलंच, तर छपाईच्या चुका ज्याच्या नावावर खपवायच्या, तो मुद्राराक्षस होता. लेखात चुकलं तो मुद्राराक्षसाचा प्रताप, जमलं ती माझी प्रतिभा. इतकी सोयीची वाटणी मी दुसऱ्या कुठल्याच व्यवहारात पाहिली नाही.

मग संगणक आला. मला भीती नव्हती. नोकरीत बढतीसाठी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, आणि सुरुवातीचे फॉन्ट त्याच टाइपरायटरच्या कळांवर बेतलेले. बोटं आपोआप चालायची. फाइल मात्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘मराठी’चं ‘ईजेकेबीएच’ व्हायचं. संपादकांच्या सहायक मुलीचा फोन आला, “काका, लेख छान असणार, पण कुठल्या भाषेत आहे?”

यावर उपाय युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक, असं तिनेच सांगितलं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे म्हणे. आमच्या आळीत पोचायला त्याला बराच उशीर झाला. ‘ॲ’ला तर तिथे स्वतःची खोली २००८ साली मिळाली. तोवर अ-च्या डोक्यावर बाहेरून चंद्र आणून बसवायचा आणि मगच ॲडव्होकेट उभा राहायचा.

पण खरी गोची पहिल्या वेलांटीची. टाइपरायटरवर ती आधी मारायची, मग अक्षर. दिसतं तसंच छापायचं. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. संगणक म्हणतो, बोलता तसं लिहा. जन्मभर बोटांना लागलेलं वळण असं सांगून सुटतं होय? मी सवयीने वेलांटी आधी मारली, की ती मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. तिथे आधीच दुसऱ्या काना-मात्रेने बिऱ्हाड केलेलं असेल, तर ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून त्याच्या गळ्यात पडते. पहिल्या पानावर अशी इतकी वर्तुळं झाली, की बायकोला वाटलं मी रांगोळी काढतोय.

बरं, हे सगळं शिकून शुद्ध युनिकोडात लेख पाठवावा, तर गंमत पुढेच. पानं लावणारा मुलगा तो पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेतो, कारण त्याचं पानं लावायचं सॉफ्टवेअर तेच जाणतं. या जाण्यायेण्यात पहिला बळी ऱ्य-चा. लग्नाच्या पंगतीवर लिहिलं होतं, “आचाऱ्यांनी पहाटेपासून जिलब्या तळल्या.” छापून आलं, “आचार्यांनी पहाटेपासून जिलब्या तळल्या.” एका वाचकाने खुलासा मागवला, की कोणत्या मठाचे? मी त्यांना मुद्राराक्षसाचं कारण कळवलं. त्यांचं उलट उत्तर, “आता लेखक स्वतःच टाइप करतात ना?”

म्हणजे लेखक मी, कंपोझिटर मी, मुद्रितशोधक मी आणि टपालवालाही मीच. खापर फोडायला चौघांत एकच डोकं.

अखेर यंदा नातवाने फोनमध्ये बोलून लिहायची सोय करून दिली. मी येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचा आणि फोनने टिपून घ्यायचा. पहिल्या परिच्छेदात ‘पूर्णविराम’ हा शब्द अक्षरी उमटला, तेवढं मी पुसलं. बाकी सगळं सुरेख! पावसाळ्यातल्या एकाकीपणावर भरभरून बोललो आणि डोळ्यांत टिपूस आल्यामुळे परत न वाचता पाठवून दिलं.

संपादकांचा स्वतःहून फोन आला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. म्हणाले, “त्या उदास वर्णनात मध्येच ‘वांगी काळी आणू की हिरवी’ हे जे वाक्य टाकलंत, तिथे तुमचा लेख एकदम वर गेला. आत्ताच्या जगण्यातली सगळी द्विधा आली त्यात.”

मी “हो, ते आपोआप सुचलं” म्हटलं. स्वयंपाकघरातून हे ऐकू गेलं असावं, कारण मानधन आल्या दिवशी निम्म्यावर हक्क सांगण्यात आला. दिलं. वांगी त्यातनंच आली, हिरवी.