आयत्या वेळचे विषय

आत्ताच सोसायटीच्या मीटिंगमधून वर आले. डोकं इतकं तापलंय की आधी हे लिहून टाकते, नाहीतर कुणाला तरी फोन लावून भांडेन.

अजेंड्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं, पार्किंगचे स्टिकर होते, दुसऱ्या लिफ्टचं नेहमीचं रडगाणं होतं. ते सगळं पटापट उरकलं. मग 'आयत्या वेळचे विषय' निघाले आणि सेक्रेटरी काकांनी खिशातून कागद काढला. आयत्या वेळचा विषय टाईप करून आणलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला. ठराव काय, तर यापुढे आपल्या सोसायटीत परदेशी माणसाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही आणि सध्या जे राहतायत त्यांचा करार वाढवायचा नाही. सध्या जे राहतायत म्हणजे कोण? तिसऱ्या मजल्यावरचा टांझानियाचा मुलगा. फार्मसी करतोय. त्या एकट्यासाठी ठराव, सूचक, अनुमोदक, सगळा सरंजाम.

हात वर करा म्हणाले. भराभर वर गेले. माझ्या शेजारच्या खुर्चीतलाही गेला. तो माझ्या आईचा.

ज्यांना आमच्या घरचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी धाकटी बहीण जर्मनीत आहे. मास्टर्स झालं, नोकरी लागली, सगळं छान. मध्यंतरी तिच्या रेसिडेन्स परमिटची मुदत संपत आली. तिने मुदतीच्या आत अर्ज केला, पण तिकडच्या ऑफिसात अपॉइंटमेंटच मिळेना. ईमेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. 93 युरो फी हातात घेऊन बसलीये आणि घ्यायला कुणी नाही. बघता बघता कार्डावरची तारीख उलटली. तिकडचा नियम तसा बरा आहे. मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरतात आणि तसा एक घडीचा कागद देतात. फिक्शन्सबेशायनिगुंग. (आमच्या आईला हे नाव मारुतीस्तोत्रासारखं तोंडपाठ झालं होतं.) पण तो कागद मिळवायलाही त्याच ऑफिसात आत शिरायला हवं ना! आणि कंपनीची एचआर रोज विचारणार, नवीन कार्ड कुठाय, नाहीतर तुला कामावर ठेवायचं कसं.

त्या दिवसांत आमच्या घरी काय चाललं होतं ते मी बघितलंय. आई अर्ध्या रात्री उठून फोन चाळायची. तिला चेकइन करू देतील का, पोलीस पकडतील का, बँकेचं खातं गोठवतील का. जे प्रश्न कुणाला सुचणार नाहीत ते तिला पहाटे तीनला सुचायचे.

आणि तेव्हा पाठीशी उभी कोण राहिली? बहिणीची घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली जर्मन बाई, एरवी महाखडूस. रविवारी वॉशिंग मशीन लावलं की दारावर टकटक. चुकीच्या डब्यात कचरा टाकला म्हणून हिला एकदा ती पिशवी डब्यातून परत काढायला लावली होती. पण कार्डाची तारीख गेल्याचं कळल्यावर त्याच बाईने राहत्या घराचं पत्र नव्याने सही करून दिलं, ऑफिसला स्वतःच्या नावाने चार खडे बोल लिहून धाडले आणि कडाक्याच्या थंडीत उजाडायच्या आत हिच्याबरोबर त्या दाराशी रांगेत जाऊन उभी राहिली. आत ती काय बोलली ते बहिणीला निम्मंच कळलं. पण कागद मिळाला. त्या कागदावर तीन चौकोन असतात. फुली तिसऱ्यात असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. म्हातारीने पर्समधून चष्मा काढला, फुली तिसऱ्याच चौकोनात आहे ना ते बोट ठेवून बघितलं आणि मगच खुर्चीवरून उठली.

त्या फुलीच्या जोरावर माझी बहीण त्या वर्षी गणपतीला घरी आली. परत जाताना आईने त्या बाईसाठी भाजणीच्या चकल्या दिल्या, पैठणीचा बटवा दिला, वर एक गणपतीची छोटी मूर्तीही दिली. 'देवमाणूस आहे हो ती बाई' हे तिने आख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय. आज ज्यांनी ज्यांनी हात वर केला त्या बहुतेकांनी ही गोष्ट आमच्या घरी चहा पीत ऐकलीये. डोळे पुसत ऐकलीये काहींनी!

आता तिसऱ्या मजल्याची गोष्ट ऐका. आपल्याकडे परदेशी माणसाचं हे मुदत वाढवायचं काम ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या पोर्टलवर होतं, 2018 पासून. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. शिवाय सी-फॉर्म. तो घरमालकाने भरायचा असतो, परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत. या मुलाकडे बाकी सगळं होतं. करार तेवढा अकरा महिन्यांचा, तो संपलेला. अर्ज शेरा मारून परत आला, पत्त्याचा चालू पुरावा जोडा. मालक राहतात पुण्याला. ते म्हणाले माझी काही हरकत नाही, कमिटीची एनओसी आण. कमिटी म्हणाली मीटिंगमध्ये विषय घेऊ. मीटिंग आज झाली. त्याच्या व्हिसाची मुदत गेल्या आठवड्यात संपली.

परवा लिफ्टमध्ये त्याने मला मोबाइलवर तो शेरा दाखवला. दोन ओळींचा. म्हणाला, दीदी, ये लोग क्या माँग रहे हैं, सब तो दिया है. मी म्हटलं रविवारी होईल तुझं काम. मला खरंच वाटलं होतं होईल.

आता पुढे काय होतं ते ठराव टाईप करणाऱ्याने वाचलं होतं का? 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झालाय, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरं, जातो म्हटलं तर बॅग भरून विमानात बसता येत नाही, मुदत उलटलेल्याला आधी एक्झिट परमिट काढावं लागतं. म्हणजे राहिला तर गुन्हेगार आणि निघाला तर परवानगी मागा. पोराची डिग्री अर्धवट. कशामुळे? तर एका एनओसीमुळे, जी मागायची गरजच नव्हती.

हो, नव्हतीच! गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून वाचा. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची, विषय संपला. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी घेते ते) सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत असा 2001 चा शासनाचा आदेश आहे, तो कमिटीला बरोब्बर माहीत आहे, कारण 10 टक्के दर महिन्याला न चुकता वसूल होतात. त्या फ्लॅटचे पैसे चालतात, त्यातला माणूस चालत नाही.

मला माहितीये खाली काय कमेंट येणार. हो, ड्रग्जच्या केसेसमध्ये परदेशी लोक सापडतात, व्हिसा संपूनही राहणारे सापडतात, पेपर मीही वाचते. मग तर करार, सी-फॉर्म, पोलिसांना माहिती हे सगळं अगदी चोख व्हायला पाहिजे ना? तुम्ही कागद अडवून एका व्हिसावाल्या मुलाला बिनव्हिसाचा केलात. आता तो पोलिसांच्या यादीत आला तर म्हणाल, बघा, आम्ही सांगतच होतो.

आणि 'मुलगा चांगला आहे का पण?' हे कृपा करून विचारू नका. नाहीये फार चांगला. ओला-सुका कचरा एकत्र करून दाराबाहेर ठेवतो, त्यावरून माझंच त्याच्याशी वाजलंय. रात्री गॅलरीत उभा राहून आईशी फोनवर मोठमोठ्याने बोलतो. माझी बहीणही तिकडे असंच करते, स्पीकर लावून. त्या जर्मन बाईने रांगेत उभं राहण्याआधी हिचं चारित्र्य तपासलं नव्हतं. कचऱ्यावरून ओरडायची ती नंतरही ओरडतच राहिली. भाडेकरू आहे, राहत्या घराचा कागद देणं हे मालकाचं काम आहे, एवढंच तिचं गणित. तिकडे घरमालकाने तसा कागद द्यावा लागतो, कायदाच आहे. इकडेही आहे की! 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर टाकलीये.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता फुलांचा पाऊस. खारघरचे भाव आता कुठे जातील, आपण आता जगाच्या नकाशावर वगैरे. विमानं सुटतील तेव्हा त्यातून कोण उतरणार असं वाटलं होतं? फक्त आपलीच पोरं, सुट्टीला?

वर आल्यावर आईला विचारलं. म्हणाली, 'अगं सगळ्यांनीच केला वर.' मग म्हणाली, 'उद्या पोलीस आले बिल्डिंगमध्ये तर? मी दिवसभर एकटी असते.' ते खरंय. ती घाबरते, आणि ग्रुपवर दिवसाला जे फॉरवर्ड येतात त्यांनी कुणीही घाबरेल. तिथे मी जरा गप्प झाले, आवाज चढवला त्याचं वाईटही वाटलं. तेवढ्यात म्हणाली, 'आणि ती आजी वेगळी गं, आपली पोरगी शिकायला गेलेली.'

आई, हा काय शिकतोय गं तिसऱ्या मजल्यावर? तू हे वाचणार आहेस, मावशी तुला वाचून दाखवेलच. त्याचीही आई आहे दार-एस-सलाममध्ये. तिलाही आत्ता पहाटे तीनला नको ते प्रश्न सुचत असतील, आणि तिला सांगायला 'देवमाणूस' म्हणून इथे कुणीही नाहीये. आपल्या अख्ख्या विंगमध्ये नाहीये. तू होऊ शकली असतीस. मला राग त्या काकांचा नाही आलेला, तुझा आलाय.

असो. सेक्रेटरी काका, तुम्ही फ्रेंडलिस्टमध्ये आहात म्हणून इथेच सांगते. इतिवृत्तात माझा विरोध नावानिशी नोंदवा आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मला द्या. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचंय. 'घरातलं भांडण बाहेर कशाला' हे ऐकवू नका, कुणाचं राहतं घर काढून घेताना ते आठवलं नाही.

पुण्याच्या मालकांशी रात्री बोलणार आहे. ते तयार झाले नाहीत तर कुणाच्या ओळखीत खारघर, कामोठे, तळोजा, अगदी पनवेलपर्यंत कुठेही वन आरके असेल तर मेसेज करा. करार रजिस्टर करणारा मालक हवा. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन तो मुलगा भरेल. सी-फॉर्म भरायला येत नसेल तर मी येऊन शेजारी बसून भरून देते, अवघड नाहीये.