घर मिळालं, कागद नाही

जर्मनीला मुलं पाठवणाऱ्या आपल्या आईबापांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथं खोली मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. त्या पत्त्यावर नाव नोंदवायला मालकाच्या सहीचा एक कागद लागतो. तो नसेल तर डोक्यावर छप्पर असूनही पोरगं सरकारदरबारी कुठंच राहत नसतं.

माझी भाची ऑक्टोबरात श्टुटगार्टला मास्टर्स करायला गेली. घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, डिग्री व्हीटीयू या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाची, आणि निघण्याआधी व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरलेले. रुपयांत धरा अकरा-बारा लाख. पैसे आपलेच, पण हातात येतात महिन्याला ९९२ युरो. भाडं, विमा, पोटापाण्याचं सगळं त्यातच बसवायचं.

आता ही मुलगी कुणाची, बापाची शेती किती, मार्क किती पडले, हे आपल्या गावात कुणालाही विचारा. तिथल्या मालकाला त्याचं काय? तो मागतो शूफाचा दाखला, म्हणजे आजवर जर्मनीत तुम्ही कुणाचं देणं बुडवलं नाही याचा पुरावा. परवा विमानातून उतरलेली मुलगी कुणाचं देणं बुडवणार हो? मग मागतो मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. विद्यार्थ्याला पगार कुठला? ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र आणि प्रवेशपत्र बघून खोली देणारे मालक असतात, नाही असं नाही. पण त्यांच्याकडं अर्जांचा ढीग पडलेला असतो, आणि त्या ढिगात जर्मन पगारवालेही असतात. विद्यार्थ्यांची वसतिगृहं स्वस्त पडतात, त्यांच्या वेटिंग लिस्टमध्ये प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी नाव घालायचं. व्हिसा येऊ दे, मग बघू, असं म्हणत बसलात तर संपलं.

या अडचणीवरच भामट्यांचं दुकान चालतं. 'मी कामासाठी दुसऱ्या देशात असतो, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल.' भाडं स्वस्त, फोटो चकचकीत. आमच्या भावजींनी बँकेतून पैसे पाठवायचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. बहिणीनं फोटो मोठा करून बघितला, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. श्टुटगार्टला समुद्र नाही! तेव्हा घर स्वतः, किंवा भरवशाच्या माणसानं आत जाऊन बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. यात दुसरं मत असूच नये.

पण मला खरा राग भामट्यांचा नाही. ते भामटेच. राग आपल्याच माणसांचा आहे. भाचीला पहिली खोली मिळाली ती एका मराठी सीनियरकडून. बोलायला गोड, पोहे करून घातले, आणि म्हणाला, 'राहा निवांत, फक्त इथं आनमेल्डुंग करू नको.' कारण याच्या मालकाला पत्ताच नाही की यानं खोली पुढं भाड्यानं दिलीय. परवानगीशिवाय तसं देता येत नाही तिथं.

आनमेल्डुंग म्हणजे नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवणं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं, आणि 'हा माणूस माझ्याकडं राहतो' असं मालकानं लिहून द्यायचं असतं. न केल्यास १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दंड सोडा, त्या नोंदणीवर बाकीचं किती लटकलेलं असतं बघा. ती झाली की कराचा नंबर पोस्टानं घरी येतो, तो नसेल तर पार्टटाइम नोकरीत जास्त कर कापतात. व्हिसा संपायच्या आधी राहण्याचा परवाना काढायचा तर तिथंही नोंदणीचा दाखला. बऱ्याच बँकांत खात्यालाही तोच. लोक मग नुसता पत्ता विकत घेतात. राहायचं एकीकडं, नाव दुसरीकडं. असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे, तरी धंदा चालतोच.

भाचीनं ती खोली सोडली. पुढं एका जर्मन आजीबाईंच्या घरात मिळाली. भाडं थोडं जास्त, पण कागद पहिल्याच दिवशी हातात. आता दाराच्या मुठीवर 'केरवोखे' लिहिलेली पाटी येऊन लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी हिची. जिना झाडून झाला की पाटी शेजारच्या दाराला. बहीण फोनवर म्हणते, इथं अंगण झाड म्हटलं की तोंड वाकडं व्हायचं हिचं.

हे सगळं ऐकून आमच्या गल्लीत लोक म्हणाले, काय तरी बाई तो सीनियर! परक्या देशात आपल्याच पोरीला असं वागवावं? आता मला सांगा, आपण बेळगावातले मालक काय वेगळं करतो? मी आपण म्हणतोय, कारण शहापुरात आमचाही वरचा मजला भाड्यानं असतो. कुठले तुम्ही, किती माणसं, मांस-मच्छी खाता काय, हे विचारून झालं की मालक सांगतो, 'करारपत्र-बिरारपत्र काही नको, विश्वासावर आहे सगळं.' विश्वास म्हणे. तो भाडेकरूनं ठेवायचा, आणि डिपॉझिटही त्यानंच ठेवायचं.

याचं मूळ मला माहीत आहे. १९७४ साली कर्नाटकात कूळकायद्यात मोठी दुरुस्ती झाली, कुळांनी फॉर्म नंबर ७ भरले आणि जमिनी त्यांच्या नावावर झाल्या. ज्यांच्या गेल्या त्यांच्या घरात अजून तेच बोलणं: कागदावर नाव लागलं की गेलं. पण तो कायदा शेतजमिनीचा. टिळकवाडीतल्या वन बीएचकेला कूळ लागत नाही. उलट कागद नसला तर भाडं किती ठरलं होतं, कधी सोडायचं होतं, हे उद्या मालकालाही दाखवता येत नाही. अकरा महिन्यांचं करारपत्र आपण करतो तेच मुळी वर्षाच्या वरच्या भाडेकराराला नोंदणी सक्तीची आहे म्हणून. तेवढाही स्टॅम्प पेपर जीवावर येतो.

भाडेकरूचं काय होतं? उद्यमबागेत कामाला आलेला परप्रांतीय मुलगा आधारचा पत्ता बदलायला जातो, हातात काही नाही. गॅस घ्यायचा, बँकेचं खातं काढायचं, सगळीकडं तीच गत. वैद्यकीय शिकायला मलेशियातून आलेली मुलंही आपल्या गावात राहतात. परदेशी माणूस ठेवला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. तेवढ्यासाठी 'फॉरेनर नको बाबा' म्हणणारे मालक मला ठाऊक आहेत.

जर्मनीला जाणाऱ्या मुलांसाठी अजून दोन गोष्टी, मग थांबतो. डिपॉझिट तिथं मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. मूळ म्हणजे काल्टमीटे, हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून. आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्यानंच आहे. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचं ऐकलेल्या आपल्या लोकांना हे खरंच वाटत नाही. दुसरं, पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची पाइप, ओटा-शेगडी आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची, नाहीतर स्वतः बसवायची. जाहिरातीत किचन आहे की नाही नीट बघा. करार बहुतेक जर्मनमध्येच असतो. घरी कानडी नोटीस आली की आपण वाचणाऱ्याला गाठतो तसंच तिथंही गाठायचं, सही नंतर.

आमचा वरचा मजला मेअखेर रिकामा होतोय. दोन खोल्या, नळाला पाणी, गच्ची वापरायला. भाषा, गाव, देश कुठलाही चालेल, करारपत्र मिळेल, खर्च निम्मा-निम्मा. मांस-मच्छीचं मात्र आईला विचारून सांगतो.