दूरच्या मुलाचा हट्ट

परदेशी गेलेल्या मुलांविषयीची चर्चा महाराष्ट्रात अधूनमधून नव्याने पेटते आणि बहुधा एकाच मागणीपाशी येऊन थांबते: या मुलांना कायद्याने वठणीवर आणा. कायदा तर आहेच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, मुलांवर महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता बसवता येतो आणि परदेशात राहणारे भारतीय नागरिकही त्याच्या कक्षेत येतात. आसामने 2017 मध्ये आणखी पुढे जाऊन, आईवडिलांची हेळसांड करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून कपात करण्याची तरतूद केली. ज्या आईवडिलांना मुलांनी खरोखरच वाऱ्यावर सोडले आहे, त्यांच्यासाठी हे कायदे हवेतच. पण बाबा गेल्यापासून मला सतत वाटते की माझा दोष या चर्चेत कुठे येतच नाही. पैसे तर मी दर महिन्याला पाठवत होतो.

जर्मनीत येऊन मला तेरा वर्षे झाली. भाचीचे बारसे आणि बाबांची पंच्याहत्तरी मी पडद्यावर पाहिली. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरून रोज फोन केला, आणि त्या रोजच्या बोलण्यामुळे आपण घरातच आहोत अशी माझी समजूत झाली. मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन बाबा अतिदक्षता विभागात गेले, तेव्हा ती समजूत किती तकलादू होती ते कळले. ते शुद्धीवर येण्याची आशा नाही, असे डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ताईला सांगितले. ताई त्यांच्या उशाशी बसली होती, तिने ते पाहिले आणि मानलेही. मी मात्र विमानतळावरून फोनवर हट्ट धरला की व्हेंटिलेटर काढायचा नाही, मी येईपर्यंत तरी नाही. आल्यावरही मी तो हट्ट सोडला नाही. बाबा त्या नळ्यांमध्ये आणखी नऊ दिवस राहिले, आणि त्या नऊ दिवसांत ताई माझ्याशी एका शब्दानेही भांडली नाही, हे मला आजही सर्वांत जड जाते.

अमेरिकेतील वैद्यकीय लेखनात अशा वागण्याला 1991 पासून एक नावच आहे: ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’. वर्षानुवर्षे दूर राहिलेले अपत्य अखेरच्या दिवसांत येते आणि जवळच्यांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय उलथवून टाकते. प्रेम त्यात असतेच, पण अपराधीपण त्याहून मोठे असते.

जर्मनीतील व्यवस्थेने या प्रश्नाचे दुसरे टोक धरले आहे. इथे 1995 पासून सक्तीचा शुश्रूषा विमा आहे, आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न 1,00,000 युरोंच्या आत आहे, अशा मुलांकडून आईवडिलांच्या शुश्रूषेचा खर्च 2020 पासून सरकार वसूल करत नाही. शिवाय पंधरांहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्याला मरणासन्न आप्ताजवळ राहण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत, बिनपगारी का होईना, कामापासून मोकळीक मिळते. एवढ्याने माणसे जवळ येतात असे मी म्हणणार नाही. माझ्या शेजारच्या आजींचा मुलगा तासाभराच्या अंतरावर राहतो आणि मी त्याला दोनदाच पाहिले आहे. तरीही मुलाकडून पैसा वसूल करण्यापेक्षा त्याला वेळ मोकळा करून देणारा कायदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि आपल्याकडे तशी मागणी फारशी ऐकू येत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. अखेरचे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करून घेता येतो. आमच्या घरात हा विषय अभद्र मानला जाई. बाबांना मी तेरा वर्षांत हवापाणी, गुडघे, रक्तदाब, सगळे विचारले; हे विचारले नाही.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा आईला विचारले. ती रागावेल असे वाटले होते, पण तिने ताईला वही आणायला सांगितली आणि एकेक गोष्ट सावकाश लिहून घेतली. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, “आणि हेही लिहा. हा येईपर्यंत मला थांबवून ठेवू नका.”