‘घरात बंदूक, घर सुरक्षित’ म्हणे!

परवा रात्री पावणेबाराला भावोजींचा मेसेज आला. ‘वाच आणि विचार कर.’ खाली एक लांबलचक फॉरवर्ड. हाच याआधी तिघांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता उडवला होता. या वेळी वाचला, कारण सकाळी ताईचा फोन आला, ‘अगं, हे खरंच घ्यायची म्हणतायत. लायसनसाठी काय लागतं ते शोधत बसलेत.’ ताईच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे. आणि भावोजींचा राग कसा आहे ते त्यांनी भिंतीवर फेकून फोडलेल्या दोन रिमोटना विचारा.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक आहे म्हणून तिथे गुन्हे नाहीत. हिटलरने आधी बंदुका काढून घेतल्या, मग ज्यूंना मारलं. ऑस्ट्रेलियाने बंदुका गोळा केल्या आणि गुन्हे वाढले. ज्याला मारायचंच आहे तो सुरीनेही मारतो. बंदूकवाल्या वाईट माणसाला बंदूकवाला चांगला माणूसच रोखू शकतो. अमेरिकेतल्या केनेसॉ गावात बंदूक सक्तीची आहे, तिथे चोर फिरकत नाहीत. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘तुमच्या बायको-मुलांची सुरक्षा तुमच्या हातात.’

हे शेवटचं वाक्य आधी घेते. बाकी सगळं चुकीचं असलं तरी करमणूक म्हणून खपलं असतं, हे खपणार नाही.

कॅलिफोर्नियात हॅण्डगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर अशी हातातली छोटी बंदूक) विकत घेतली की सरकारी नोंद होते. त्या नोंदी मतदारयाद्या आणि मृत्यूच्या दाखल्यांशी जुळवून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2004 ते 2016 या काळाचा अभ्यास केला. तो 2022 मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात 1 कोटी 76 लाख प्रौढ माणसं होती, सगळी स्वतःकडे हॅण्डगन नसलेली. प्रश्न एकच: यांच्यापैकी जे बंदूकवाल्याबरोबर एका घरात राहतात ते जास्त सुरक्षित असतात का? उत्तर उलटं आलं. बंदूकवाल्याच्या घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. आणि नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तब्बल सातपट. अशा मेलेल्यांत 84 टक्के स्त्रिया.

हे आकडे पुन्हा वाचा, भावोजी. फॉरवर्डमधला नवरा दाराशी उभा राहून चोराशी लढतोय. अभ्यासातली बाई घरातल्याच माणसाच्या गोळीने मेली आहे.

आता कुणीतरी म्हणेलच की आधीच भांडणाचं किंवा धोक्याचं वातावरण असलेली घरंच बंदूक घेत असतील. असतील काही. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पूर्ण वेगळे काढता येत नाहीत, हे मान्य. पण बंदुकीने घर सुरक्षित होत असतं तर कुठेतरी, थोडं तरी, दिसायला हवं होतं. अनोळखी माणसाच्या हातून होणाऱ्या खुनांतही त्या घरांना फायदा झालेला या अभ्यासात दिसला नाही.

आणि भाच्याचं काय? अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीमुळे 48,830 माणसं मेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘मरायचं ते कसंही मरतात’ हे वाक्य फॉरवर्डात नाही, पण भावोजींनी ताईला ऐकवलं. साफ चूक. तो टोकाचा क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. बंदूक हाताशी असली की ती दुसरी संधी जवळजवळ मिळतच नाही. ‘कुलपात ठेवीन’ म्हणतात. कपाटाची किल्ली घड्याळामागे असते हे त्या मुलाला पाचवीत असल्यापासून माहीत आहे. मलासुद्धा माहीत आहे.

स्वित्झर्लंडचं उदाहरण देणाऱ्यांना तर हा मुद्दा नक्की माहीत हवा. तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे आणि सैनिक रायफल घरी ठेवू शकतो. इथवर खरं. पण घरी ठेवायला मिळणारी काडतुसं देणं सरकारने 2007 मध्ये थांबवलं आणि वाटलेली परत घेतली. म्हणजे घरात रायफल आहे आणि सरकारने दिलेली गोळी नाही! खाजगी पिस्तुलाला परवाना लागतो, आणि 2019 च्या सार्वमतात लोकांनीच नियम आणखी कडक करायला कौल दिला. ‘घरोघरी’ हेही फुगवलेलं आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार तिथे शंभर माणसांमागे साधारण 28 बंदुका, अमेरिकेत 120. जास्त बंदुका म्हणजे कमी खून हे गणित खरं असतं तर अमेरिका जगातला सगळ्यात शांत देश असता. आणखी एक. स्वित्झर्लंडने 2003-04 मध्ये सैन्य जवळजवळ निम्मं केलं, तशा घरातल्या रायफलीही घटल्या. त्यानंतर लष्करी वयातल्या पुरुषांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्या, आणि जितक्या कमी झाल्या त्यातल्या पाचातल्या चारांची भरपाई दुसऱ्या कुठल्याही मार्गाने झाली नाही. हे वाचून मी फॉरवर्ड पुन्हा उघडून बघितला. अर्थातच त्यात यातलं एक अक्षर नाही.

सुरीचा मुद्दा. 14 डिसेंबर 2012 ला चीनच्या हनान प्रांतात एक माणूस सुरी घेऊन प्राथमिक शाळेत घुसला. 23 मुलं आणि एक वृद्ध बाई जखमी झाली. मेलं कुणीही नाही. त्याच दिवशी अमेरिकेत सॅण्डी हुकच्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन घुसला. 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मेली. सुरीने माणसं मरतात, जपानमध्ये 2001 साली एका शाळेत आठ मुलं मेली, ते नाकारत नाही. पण ‘सुरी काय, बंदूक काय, सारखंच’ हे या दोन शाळांच्या पालकांसमोर म्हणून दाखवा.

‘चांगला माणूस’ हा सिद्धांत सॅण्डी हुकनंतर आठवडाभरात नॅशनल रायफल असोसिएशन या अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या वेन लापिएर यांनी मांडला. त्याची परीक्षा 24 मे 2022 ला टेक्सासमधल्या युव्हाल्डीत झाली. एका बंदूकवाल्याविरुद्ध 376 पोलीस आणि सुरक्षा अधिकारी जमले, सगळे सशस्त्र, प्रशिक्षित. वर्गाचं दार उघडून आत जायला त्यांना 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. याच्या उलट उदाहरण आहे, तेही सांगून टाकते: त्याच वर्षी जुलैत इंडियानातल्या एका मॉलमध्ये 22 वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला काही सेकंदांत खाली पाडलं. शाबास त्याची. पण त्याच्या आदल्या वर्षी कोलोरॅडोत अशाच एका धाडसी माणसाने हल्लेखोराला मारलं, आणि मागून आलेल्या पोलिसाने त्या माणसालाच गोळी घातली. चांगला कोण हे काही कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

हिटलर. (येणारच होता.) नाझींच्या मार्च 1938 च्या कायद्याने सामान्य जर्मन माणसासाठी बंदुकीचे नियम सैल केले. ज्यूंना शस्त्रबंदी झाली, नोव्हेंबर 1938 मध्ये, एवढं खरं. तोवर त्यांचं नागरिकत्व, नोकऱ्या आणि बरेचसे धंदे आधीच हिरावले गेले होते. 1933 मध्ये साडेसहा कोटींहून जास्त वस्तीच्या देशात ज्यू पाच लाखांच्या आसपास होते. ज्या सैन्यापुढे पोलंड आणि फ्रान्स टिकले नाहीत त्याला ते घरातल्या पिस्तुलांनी थोपवणार होते, असं म्हणायचंय का?

ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 जण मारले गेले, त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासूनच घटत होते, त्यामुळे कायद्याला किती श्रेय द्यायचं यावर अभ्यासक अजून भांडतात. 2018 मध्ये तिथे एकाच कुटुंबातले सात जण गोळीने मेले, तेही घडलं. पण कायद्यानंतर खून ‘वाढले’? नाही. तेव्हाच्या तुलनेत खुनाचं प्रमाण खाली आलं आहे.

राहिलं केनेसॉ. कायदा 1982 चा, इलिनॉयमधल्या एका गावाने हॅण्डगनवर बंदी घातली तिला उत्तर म्हणून केलेला. ज्याला मनाला पटत नाही त्याला सूट, आणि अंमलबजावणी अशी कधी झालीच नाही. चोरांना हे कुणी कळवलं होतं का, माहीत नाही.

एवढं सगळं भावोजींना पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ताईचं आलं, ‘तो कॅलिफोर्नियावाला भाग मला वेगळा पाठव.’