राजधानीचं मागचं इंजिन स्वतःच्या मनाने ढकलत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत एक निरोप फिरतोय: "ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या मुंबई राजधानीला पुढे-मागे दोन इंजिनं आणि दोन वेगळे ड्रायव्हर. पुढच्याने ब्रेक लावला आणि मागच्याला कळायला उशीर झाला, तर मधले डबे रुळावरून उडणार. वीज दुप्पट जाते ती वेगळीच. मागचं इंजिन तर नुसतं राखीव." यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा, कारण भीती खरी असली तरी माहिती खरी नाही.

दोन ड्रायव्हरांचा घोळ बँकरमुळे, म्हणजे चढावर मागून ढकलायला जोडलेल्या जादा इंजिनामुळे होतो. कसारा ते इगतपुरी चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर उंची. तिथे गाडीमागे लावलेल्या बँकरमध्ये स्वतंत्र लोको पायलट असतो आणि तो पुढच्याशी शिट्टीने ताळमेळ ठेवतो. पुश-पुल, म्हणजे एक इंजिन ओढतं आणि एक ढकलतं ती पद्धत, ते नव्हे. 2019 मध्ये या राजधानीला दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-7 ही विजेची इंजिनं लावली, ती बँकर जोडण्या-सोडण्याचा वेळ वाचावा म्हणूनच. पुश-पुलमध्ये थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचं हँडल, पुढच्या कॅबमध्येच असतं. तिथला हुकूम डब्यांमधून गेलेल्या केबलने किंवा रेडिओने मागे पोचतो. मागच्या कॅबमध्ये कुणी दिसलंच, तरी हँडल त्याच्या हातात नसतं.

आता ब्रेकचं. गाडीभर एकच ब्रेक पाइप जातो आणि त्यात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो असतो. पुढे ब्रेक लावला की हा दाब घसरतो, डब्यांचे ब्रेक बसू लागतात आणि दाब पुरेसा पडला की मागच्या इंजिनाचा जोरही आपोआप तुटतो. केबल निकामी झाली तरी हवेचा हा मार्ग शाबूत राहतो. संपर्क तुटला तर मागच्या इंजिनाने जोर सोडायचा, अशी रचनाच असते. कपलरवरचा, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावरचा ताण उलट कमी होतो. एकच इंजिन ओढत असेल तर सगळा भार पहिल्या कपलरवर येतो. दोन्ही इंजिनं सारखा जोर लावत असतील, तर सपाटीवर पुढचा अर्धा भाग ओढला जातो, मागचा ढकलला जातो आणि मधोमध कपलरवर जवळजवळ काहीच येत नाही. सांभाळायचं असतं ते निघताना: कपलरमधली ढील न घेता एकदम जोर दिला तर प्रवाशांना धक्का बसतो. अशाच पुश-पुल अमृत भारत एक्स्प्रेसच्या डब्यांत सेमी-पर्मनंट (जवळजवळ कायमचे जोडलेले) कपलर दिलेत ते याचसाठी.

ढकलणारी गाडी कधीच घसरली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. 30 जुलै 1984 ला स्कॉटलंडमध्ये पोलमाँटजवळ अशी गाडी गाईला धडकून घसरली आणि 13 जण गेले. पण तिथे इंजिन मागे होतं, पुढे होता ड्रायव्हरची कॅब असलेला हलका डबा. आपल्याकडे सर्वांत पुढे 123 टनांचं इंजिनच असतं. आमच्या मते पूर्ण चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे आणि नेमका तोच निरोपात नाही.

विजेचा आक्षेप अर्धवट खरा आहे. खर्च गाडीचं वजन, चढ आणि वेग यांवर ठरतो, इंजिनांच्या संख्येवर नाही. वीस डब्यांचं वजन हजार टनांच्या आसपास धरलं, तर दुसऱ्या इंजिनाने एकूण वजन साधारण दहाव्या हिश्श्याने वाढतं. सपाटीवर तेवढा भुर्दंड आहेच. पण उतारावर आणि ब्रेक लावताना दोन्ही इंजिनं वीज तारेत परत देतात.

राखीव? नाही. निघताना आणि चढावर दोन्ही कामाला असतात.

रेल्वेवेड्यांना या गाड्यांची ओढ आहे ती अशा बारकाव्यांमुळे. न्यूट्रल सेक्शन घ्या, म्हणजे वरच्या तारेचा वीज नसलेला छोटा टप्पा. 22 डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून थोडी लांब असते. ताशी 100 किलोमीटरला मागचा पँटो (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) तिथे पुढच्यानंतर सुमारे 19 सेकंदांनी पोचतो. त्या वेळी मागच्या इंजिनाचा मुख्य ब्रेकर उघडा (म्हणजे वीज तोडलेली) नसेल, तर तारेवर ठिणग्या उडतात.

गाडी ग्वाल्हेरला उभी असताना फलाटाच्या मागच्या टोकाला जाऊन पाहा. शेवटचा डबा आणि इंजिन यांच्यामध्ये ब्रेक पाइपची हिरवी आणि हवा पुरवणाऱ्या फीड पाइपची पांढरी खूण दिसेल, पँटो वर असेल, मागे लाल दिवे असतील. सिग्नल मिळाला की पुढचं इंजिन नजरेच्या पार पलीकडे असतं, आणि मोटरींचा चढता सूर आपल्या शेजारून ऐकू येतो.