‘ओ मांजातो’ की ‘ओ मांजाता’? आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इटालियनच्या भूतकाळावरील माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मराठीचा आधार घेऊन इटालियन शिकवल्याने विद्यार्थी पांगळा होतो, हा पहिला. आणि ‘मराठीप्रमाणेच येथेही क्रियापद कर्माप्रमाणे बदलते’ या माझ्या विधानावर विसंबून आपण चाचणीत ‘मी सफरचंद खाल्ले’ यासाठी ‘ओ मांजाता ला मेला’ लिहिले व गुण गमावले, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. माझे विधान ढिसाळ होते, त्याबद्दल क्षमस्व. ‘मी पोळी खाल्ली’ म्हणा किंवा ‘पोळी मी खाल्ली’ म्हणा, मराठीत ‘खाल्ली’च राहते. इटालियनमध्ये मात्र कर्म नामाच्या रूपात क्रियापदानंतर आले, तर ‘मेला’, म्हणजे सफरचंद, स्त्रीलिंगी असूनही ‘ओ मांजातो ला मेला’ असेच लिहावे लागते. त्याच सफरचंदाऐवजी ‘ला’ हे सर्वनाम वापरले, की ते ‘ओ’ या सहायक क्रियापदाच्या आधी येते, त्याचा स्वर गळतो आणि उच्चार ‘लो मांजाता’ असा होतो. पुल्लिंगी सर्वनाम ‘लो’ आणि ‘ओ’ मिळूनही कानाला ‘लो’च ऐकू येत असल्याने, खाल्लेली वस्तू स्त्रीलिंगी होती हे केवळ शेवटच्या ‘ता’वरून कळते. जुन्या साहित्यिक इटालियनमध्ये पुढे येणाऱ्या नामाशीही असा मेळ घातलेला आढळतो, पण आजच्या परीक्षेत तो चालत नाही.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारा विद्यार्थी पुस्तके आवडतात हे सांगताना ‘इओ प्याच्चो’ अशी सुरुवात करतो, म्हणजे प्रत्यक्षात ‘मी आवडतो’ असे म्हणून बसतो. ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ हा फरक लहानपणापासून जिभेवर असलेल्या मराठी माणसाला ‘मि प्याचे’ आणि ‘मि प्याच्चोनो’ यांतील फरक वेगळा समजवावा लागत नाही. भूतकाळातही ‘केक आवडला’ याला ‘मि ए प्याचूता ला तोर्ता’ आणि ‘पुस्तके आवडली’ याला ‘मि सोनो प्याचूती इ लिब्री’ असे म्हणताना, आवडलेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. हाताशी असलेली ही जाण वर्गाबाहेर ठेवायला सांगणे मला विद्यार्थ्यावर अन्याय करणारे वाटते.

मूळ लेखातील ते वाक्य आजच बदलले असून, आता तेथे ‘लो, ला, ली, ले ही सर्वनामे आधी आली, तर कर्माशी मेळ अनिवार्य’ असे लिहिले आहे.